२८ वर्षांच्या विहिरीच्या नोंदी: पुढे चालू ठेवायच्या की थांबवायच्या?

वहीवाली, कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. थोडक्यात विचारला तर तुम्हालाच आधी दहा गोष्टी विचाराव्या लागतील, म्हणून सगळंच लिहिते.

आमची सोसायटी डहाणूकर कॉलनीजवळ आहे. इथे पूर्वी मळा होता. त्या मळ्याची बांधीव विहीर बिल्डरने बुजवली नाही, ती अजून आवारात आहे. ४२ फूट खोल, निम्म्याखाली सगळा काळा पाषाण. माझे सासरे, अण्णा, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि जून १९९७ मध्ये त्यांनी या विहिरीची वही घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला पाण्याची पातळी, तापमान आणि कंडक्टिव्हिटी (पाणी वीज किती वाहून नेतं, त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो). मे आणि ऑक्टोबरमध्ये बाटली भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत द्यायची: नायट्रेट, क्लोराइड, हार्डनेस. पावसाळ्यात गच्चीवरच्या पर्जन्यमापकातला पाऊस रोज, तोही साडेआठलाच, कारण वेधशाळेचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतात. आजवर ११ वह्या भरल्या आहेत.

अण्णा आता ८६ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना टेपवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून तीन वर्षांपासून टेप मी सोडते. टेपच्या टोकाला पितळेचं वजन आहे, खालून वाटीसारखं पोकळ. पाण्याला टेकलं की ‘डुब्’ असा आवाज येतो. अण्णा कठड्यावर दोन्ही हात ठेवून कान देऊन उभे असतात. आवाज आला की म्हणतात, ‘थांब.’ मग टेप वीतभर वर घ्यायची, पुन्हा सोडायची. असं तीनदा. तिन्ही आकडे १ सेंटीमीटरच्या आत जुळले तरच वहीत जायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

२००७ मध्ये मुलांच्या काळजीपोटी सोसायटीने कठडा उंच केला. त्या दिवसाच्या पानावर अण्णांनी लिहिलंय: ‘आजपासून कठडा ४६ सेंमी उंच. नव्या कडेपासून वाचन घेऊन ४६ वजा करणे. जुनी खूण आतल्या बाजूस लाल रंगात आहे, ती पुसू नये.’ ती खूण मी दर दोन वर्षांनी रंगवून घेते.

आता अडचण. मागच्या रविवारच्या सभेत प्रयोगशाळेचं वर्षाचं ४,२०० रुपयांचं बिल बंद करावं असं ठरत आलंय. म्हणणं असं की पाणी बागेला आणि गाड्या धुवायला जातं, २८ वर्षांत वावगं काही निघालेलं नाही, आणि नायट्रेट तर उलट कमी झालंय. आमच्या खजिनदारांनी आकडे वाचूनच दाखवले. दर लिटरला मिलिग्रॅममध्ये, ते असे:

मे १९९९: २१
मे २००४: २६
मे २००९: ३३
ऑक्टोबर २०१३: ३८
मे २०१४: ८.६
मे २०१८: ९.३
मे २०२१: ९.८
यंदाचा मे: १०.४

मर्यादा ४५ ची आहे. ‘म्हणजे पाणी सुधारलं, मग आता पैसे कशाला घालवायचे?’ सगळ्यांना पटलं. मला मात्र उत्तर सुचलं नाही, आणि घरी येऊन अण्णांना काय सांगावं तेही सुचलं नाही.

मी हिशेबाचं काम करते. कोणाचं खातं मध्येच दोन वर्षं कोरं दिसलं तर मी ते तसंच पुढे ओढत नाही, तिथे काय झालं ते शोधते. तसंच काहीतरी इथेही आहे असं मनात येतं, पण ‘वाटतं’ एवढ्यावर सभेत मत मिळत नाही. अशा लांबलेल्या नोंदींना खरंच किंमत असते का? की ही आमच्या घरापुरती माया आहे? जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावं. नाही म्हणालात तरी ऐकून घेईन.


बाणेरहून

आधी अण्णांना नमस्कार सांगा. एवढी वर्षं एकाच पद्धतीने मोजणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

माझं काम डेटाचं आहे, त्यामुळे जे वाटतं ते मोकळेपणाने लिहितो. महिन्याला एक आकडा फार विरळ होतो. दोन रविवारांच्या मध्ये ढगफुटी होऊन गेली तर तुमच्या वहीला कळणारच नाही. आज पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर विहिरीत सोडला तर दर १५ मिनिटांनी पातळी मिळते, सोबत कंडक्टिव्हिटीही. ४,२०० रुपयांची दोन-तीन वर्षांची बचत त्यात घाला. वही थांबवा, सेन्सर बसवा. जुन्या ११ वह्या मी स्वतः येऊन स्कॅन करून देतो, पैसे नकोत.

तो २०१३ ते २०१४ मधला कडा मात्र मलाही खटकतोय. भूजलातलं नायट्रेट असं सात महिन्यांत एकदम पावपट होत नाही.


ब्युरेट

वहीवाली ताई, बाकी सगळं नंतर. आधी फाइलमधून मे २०१४ चा रिपोर्ट काढा आणि नायट्रेटच्या ओळीत पुढे काय छापलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. ‘नायट्रेट’ एवढंच आहे, की ‘नायट्रेट ॲज एन’, म्हणजे नायट्रोजन म्हणून?

मी ३४ वर्षं पाण्याच्याच बेंचवर काढली. तुमचे आकडे पाहिले आणि कागदावर आधी एकच गुणाकार केला. ८.६ गुणिले ४.४३. उत्तर ३८.१. तुमचा आदल्या ऑक्टोबरचा आकडा ३८.

त्याचं असं आहे. नायट्रेटच्या कणात एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन. वजनं धरली तर अख्खं नायट्रेट ६२ आणि त्यातला नायट्रोजन १४. तेच पाणी, तेच नायट्रेट, पण एक प्रयोगशाळा अख्ख्या नायट्रेटचं वजन लिहिते आणि दुसरी फक्त त्यातल्या नायट्रोजनचं. दोन्ही बरोबर. आकड्यांत ४.४३ पटींचा फरक. आपल्या आयएस १०५०० मधली, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली, ४५ ची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे. अमेरिकेत हीच मर्यादा नायट्रोजन म्हणून १० लिहितात. २०१४ मध्ये तुमची प्रयोगशाळा बदलली होती का?

तसं असेल तर पुढचे आकडे असे होतात: २०१८ मध्ये ४१, २०२१ मध्ये ४३, आणि यंदा १०.४ चे ४६. म्हणजे तुमचं पाणी सुधारलेलं नाही. २६ वर्षं ते एकाच दिशेने चढतंय आणि यंदा मर्यादा ओलांडून गेलंय. ज्या वर्षी ती ओलांडली त्याच वर्षी मोजणं बंद करायचं ठरतंय. म्हणून इतक्या घाईने लिहितोय.

दुसरं, आणि हे आजच्या आज बघा. हे पाणी कोणी पीत नाही ना? सोसायटीत वॉचमनचं बिऱ्हाड असेल, माळी असेल, पाणीकपातीच्या दिवशी कोणी कळशी भरून नेत असेल. ४६ हा मोठ्या माणसाने घाबरून जावं असा आकडा नाही, जागतिक आरोग्य संघटना ५० पर्यंत चालवते. पण ६ महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल तर त्याच्या बाटलीत हे पाणी नको. एवढ्या लहान वयात नायट्रेटमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. हे लोकांना माहीत नसतं, ‘उकळून घेतो आम्ही’ म्हणतात.

तिसरं, क्लोराइड. वहीत १९९९ पासूनचे आकडे असतील, ते द्या. नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढत असेल तर जवळपास मैलापाण्याची लाइन झिरपत असण्याचा संशय घ्यावा लागतो. नायट्रेट एकटंच चढत असेल तर बागेच्या खताकडे बघायला हवं.

आता तुमचा मूळ प्रश्न. घरापुरती माया नाही, ताई.

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा आकडा ३१३ पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१३. पहिल्या वर्षात ठळक दिसली ती झाडांमुळे होणारी या वायूची ये-जा: मे महिन्यात वर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाली, सुमारे ६ पीपीएमचा हेलकावा. वर्षाची खरी वाढ तेव्हा १ पीपीएमही नव्हती. सहाच्या हेलकाव्यात एकाहून कमी. दोन वर्षं मोजून थांबले असते तर सगळा वाद त्या हेलकाव्यातच बुडाला असता. १९६४ मध्ये पैसे आटले आणि काही महिन्यांची नोंद खरोखरच बुडाली. त्यांच्या आलेखात ती फट आजही दिसते, ती आता कोणालाही भरता येणार नाही. आज आकडा ४२० च्या वर आहे, आणि त्यातला कण न् कण विश्वासाचा आहे, कारण त्यांनी प्रमाण वायूंच्या, म्हणजे आतलं प्रमाण पक्कं ठाऊक असलेल्या, टाक्या जिवापाड जपल्या आणि यंत्र वारंवार त्यांच्याशी ताडून पाहिलं. आपल्या सिंहगडावरही आयआयटीएमवाल्यांनी, म्हणजे पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेने, २००९ मध्ये हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. गडावर गेलात की एकदा त्या दिशेने बघा.

तुमच्या खजिनदारांच्या मुद्द्याला, म्हणजे ‘कमीच होतंय ना, मग मोजायचं कशाला’ याला, माझ्याकडे याहून नेमकं उदाहरण आहे. सीएफसी-११, ओझोन खाणारा वायू. जगभरात त्याचं उत्पादन २०१० पर्यंत बंद व्हायचं होतं. हवेतलं प्रमाण वर्षागणिक खाली येत होतं, सगळे समाधानी. २०१२ नंतर ते उतरतच राहिलं, फक्त थोडं सावकाश. एखाद्या वर्षाचा आकडा बघणाऱ्याला यात काहीच दिसलं नसतं. ज्यांच्याकडे अनेक वर्षांच्या सलग नोंदी होत्या त्यांना उताराचा कोन बदललेला दिसला, आणि २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की कोणीतरी हा वायू पुन्हा सोडतंय. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून कळलं की मोठा वाटा पूर्व चीनमधून येतोय. मग उत्सर्जन खाली आलं. पोलीस चौकशीने हे सापडलं नसतं, सलग आकड्यांनी सापडलं.

बाणेरच्या मित्रा, तुझ्या सेन्सरबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, कारण ती चूक मी केलेली आहे. १९९२ मध्ये आमच्याकडे सल्फेट मोजायला नवं टर्बिडिमीटर आलं. जागा नव्हती म्हणून जुनं त्याच आठवड्यात भंगारात काढलं, आणि त्या कागदावर सही माझी होती. त्यानंतर नदीवरच्या एका ठिकाणचं सल्फेट पायरी चढावी तसं वर गेलं आणि वरच राहिलं. त्याच वर्षी वरच्या अंगाला एक कारखाना सुरू झाला होता. वाढ कारखान्याची की आमच्या नव्या यंत्राची? जुनं यंत्र फक्त ६ महिने शेजारी ठेवून तीच बाटली दोन्हीकडे लावली असती तर उत्तर मिळालं असतं. मी निवृत्त झालो तरी तो प्रश्न तसाच होता. त्या नदीकाठच्या गावांना आम्ही ठामपणे काहीच सांगू शकलो नाही. तेव्हा सेन्सर जरूर बसव, पण वही थांबवायची नाही.

बीओडीचंही, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू लागतो त्या चाचणीचंही, तेच. पूर्वी आपण २० अंशांवर ५ दिवस ठेवून मोजायचो, आता २७ अंशांवर ३ दिवस. आकडे जवळपास येतात, पण ‘जवळपास’ म्हणजे ‘तेच’ नव्हे. कुठल्या तारखेला पद्धत बदलली हे रजिस्टरमध्ये नसेल तर पुढचा माणूस नदीला दोष देईल किंवा शाबासकी देईल, आणि दोन्ही चुकीचं असेल. तुमच्या अण्णांनी ती ४६ सेंटीमीटरची ओळ लिहिली ना, तिच्यासाठी त्यांना माझा दंडवत सांगा.


अलिबागकर, हल्ली पुण्यात

ब्युरेटकाकांनी यंत्र बदलण्याबद्दल लिहिलं म्हणून आमच्या गावची गोष्ट सांगतो. माझं लहानपण अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर गेलं.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकीय वाचनं बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं, कारण तिथे वीज नव्हती. पण कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. त्यामुळे आजही कुलाबा आणि अलिबाग मिळून एकच सलग मालिका धरता येते. ट्राम कधीच गेल्या.

आणि त्या मालिकेचा उपयोग बघा. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवरचं नोंदलं गेलेलं एक सगळ्यात मोठं सौर वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी ते हाताने टिपलं: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे त्याचं एकक) कोसळलेला. तो कागद तसाच राहिला. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या नोंदीवरून वादळाची तीव्रता काढली. आता उपग्रह आणि विजेच्या ग्रिडना धोका किती, याचा विचार करताना जगभर हा आकडा वापरतात. लिहिणाऱ्याच्या वेळी ग्रिड नव्हतीच.

आपल्या पुण्यातही शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसवरून आपण रोज जातो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं म्हणून ते नाव पडलं. देशभरातल्या जुन्या नोंदी सांभाळणारं हवामान खात्याचं डेटा केंद्र पुण्यातच आहे. हवामान खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, शोधलं ते जगभरच्या केंद्रांवरचे कित्येक दशकांचे वायुदाब आणि पाऊस शेजारी शेजारी मांडून. ते आकडे घेणाऱ्या माणसांना याची कल्पनाही नव्हती.

तेव्हा सेन्सर आणि टेप निदान दोन पावसाळे बरोबर चालू द्या.


भूजलवाला

मी भूगर्भशास्त्राचा माणूस, थोडंच लिहितो. राज्याच्या भूजल यंत्रणेच्या साडेतीन हजारांवर निरीक्षण विहिरी आहेत आणि त्या वर्षातून ४ वेळा मोजतात. ताईंची विहीर वर्षाला १२ वेळा, २८ वर्षं, एकाच खुणेपासून. शहराच्या आत, काँक्रीटच्या मध्यात, अशी मालिका क्वचित मिळते. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत असतं, त्यामुळे आजूबाजूला बोअर वाढले, अंगणं फरशीने बंद झाली, की मे महिन्यातली पातळी बोलायला लागते. मे आणि ऑक्टोबरच्या पातळ्या वेगळ्या काढून प्रत्येकीची ओळ आखून बघा, सगळे महिने एकत्र नको.

आणि एक. वहीत कुठे ‘आढळले नाही’ असेल तर संगणकात चढवताना तिथे शून्य टाकू नका. ‘०.५ पेक्षा कमी’ आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र सुधारलं की त्याला पकडता येणारा किमान आकडा खाली जातो आणि शून्य टाकलेलं असेल तर प्रदूषण नव्यानेच सुरू झाल्यासारखं दिसतं.


बाणेरहून

काका, तुमचा मुद्दा पटला. वही थांबवा हे मी मागे घेतो. सेन्सर माझ्याकडे कामाच्या जागेवर एक जादा पडलेला आहे, तो विहिरीत लावू या. टेपचं वाचन हेच प्रमाण धरायचं आणि सेन्सर दर महिन्याला त्याच्याशी ताडायचा. स्कॅनिंगचं मात्र माझ्याकडेच राहू द्या. हॅलीबद्दल वाचलेलं आठवतंय, अंटार्क्टिकावरचं ब्रिटिश केंद्र. तिथे १९५० च्या दशकापासून ओझोन मोजत होते. जोनाथन शँकलिन या तरुणाला हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदींचा साठलेला ढीग संगणकात चढवायला बसवलं होतं. त्या कामातून दिसलं की ऑक्टोबरचा सरासरी ओझोन ३०० डॉबसनच्या (हे ओझोन मोजायचं एकक) आसपास असायचा तो १९८४ पर्यंत २०० च्या खाली आलाय. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध आला आणि दोनच वर्षांनी ओझोन वाचवण्यासाठीचा माँट्रियल करार झाला. उपग्रहाकडेही ते कमी आकडे होते, पण इतके कमी की त्यांना संशयास्पद अशी खूण लागून ते बाजूला पडले होते. ११ वह्या चढवणं हे काम मला खरोखर करायचंय.


वहीवाली, कोथरूड

उशीर झाला, क्षमा करा. चार दिवसांत बरंच घडलं.

काका, तुमचं वाचलं तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. फाइल माळ्यावर होती, ती तशीच खाली काढली. मे २०१४ च्या रिपोर्टवर अगदी बारीक अक्षरात आहे: ‘नायट्रेट ॲज एन’. त्यानंतरच्या सगळ्या रिपोर्टांवर तेच. आणि वहीत मे २०१४ च्या पानावर समासात अण्णांचं पेन्सिलने लिहिलेलं सापडलं: ‘प्रयोगशाळा बदलली. आकडा फार कमी. विचारणे.’ त्या जूनमध्ये अण्णांची बायपास झाली. विचारायचं राहून गेलं, आणि पुढे वही माझ्या हाती आली तेव्हा मीही ते पेन्सिलचं अक्षर वाचलं नाही.

क्लोराइड असं आहे: १९९९ मध्ये ५८, २००९ मध्ये ८४, यंदा १२१. म्हणजे दोन्ही बरोबरीने चढताहेत.

तुम्ही वॉचमनच्या बिऱ्हाडाबद्दल लिहिलंत, ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. आमच्या वॉचमनकाकांची मुलगी बाळंतपणाला आली आहे, बाळ सव्वादोन महिन्यांचं आहे आणि वरच्या दुधावर आहे. मी त्याच रात्री खाली गेले. कॉर्पोरेशनचं पाणी सुटत नाही त्या दिवशी ते विहिरीचंच पाणी उकळून घेत होते. आमच्या स्वयंपाकघरातून दोन हंडे तेव्हाच दिले. दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांकडे नेलं, बाळ ठीक आहे. त्यांच्या खोलीला टाकीवरून वेगळा नळ काढायचं काम काल पूर्ण झालं. त्यासाठी सभा लागली नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आणि मी पैसे घातले.

रविवारी तातडीची बैठक झाली. मी फळ्यावर दोन ओळी आखल्या, एक वाचून दाखवलेल्या आकड्यांची आणि एक ४.४३ ने गुणून दुरुस्त केलेल्या आकड्यांची. खजिनदार स्वतः उठून फळ्यापाशी आले, ३८ आणि ३८.१ या दोन खडूच्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बिल चालू ठेवा, वर्षाला दोनदा नको, चारदा करा. उत्तरेकडची ड्रेनेजची लाइन इमारतीच्या वयाची आहे आणि तिचं चेंबर विहिरीपासून जेमतेम १२ फुटांवर आहे. ते या आठवड्यात उघडून बघणार आहेत. लाइन फुटलेली निघेलच असं मी अजून धरत नाही.

सगळ्यात जास्त मला अण्णांना सांगायची धास्ती होती. त्यांना वाटेल आपलं चुकलं. मी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ते पान काढ. पान काढलं. मी दुरुस्त आकडे जुन्यांवर लिहायला निघाले तर त्यांनी हात धरला. हिशेबाच्या वहीत मी कधीच खाडाखोड करत नाही, इथे मात्र करायला निघाले होते. त्यांनी सांगितलं तसं समासात शाईने लिहिलं: ‘मे २०१४ पासूनचे नायट्रेटचे आकडे नायट्रोजन म्हणून आहेत. अख्ख्या नायट्रेटसाठी गुणिले ४.४३. मूळ आकडे तसेच ठेवले आहेत.’ खाली तारीख आणि माझी सही. त्यांनी बोट फिरवून सही कुठे आहे ते विचारलं आणि शेजारी स्वतःची केली, थोडी ओळीखाली गेली.

भूजलवाले दादा, मे आणि ऑक्टोबर वेगळे काढायला घेतलेत. वह्या १ ते ४ झाल्या. मेची पातळी २०१० पर्यंत ९ मीटरच्या आसपास दिसते, पुढचं अजून चढवायचंय. बाणेरच्या भावाला वह्या नेता येणार नाहीत, अण्णा त्या घराबाहेर देत नाहीत, पण स्कॅनर घेऊन आलात तर जेवूनच जायचं.

पुढच्या रविवारी बाटल्या दोन भरणार आहोत. एक नेहमीच्या प्रयोगशाळेला आणि एक दुसरीला, दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘नायट्रेट, नायट्रेट म्हणूनच’ असं लिहून. ब्युरेटकाका, तुम्ही कोथरूडच्या जवळपास राहत असाल तर साडेआठला याल का? अण्णांनी विचारायला सांगितलंय. बाटली भरताना आधी तीनदा त्याच पाण्याने विसळायची हे त्यांना तुमच्यासमोर एकदा करून दाखवायचंय, आणि टेप सोडायला मला आणखी एक हात हवाच आहे.